‘नोम कशाला?’ : एका प्रश्नाची उलटतपासणी

अद्भुताश्रयी भूमिकाखेळांच्या चर्चेत एक प्रश्न गेली कित्येक वर्षे इतक्या सहजपणे विचारला जातो, की तो प्रश्न आहे की निकाल, याचाच पत्ता लागत नाही. ‘नोम कशाला हवेत?’ हा तो प्रश्न. डोंगर पोखरणारे आणि धातू घडवणारे ड्वार्फ आहेत. अरण्यात राहणारे, मंत्रविद्येत मुरलेले एल्फ आहेत. बुटके, खाऊनपिऊन सुखी असलेले हाफलिंग आहेत. मग या तिघांच्या शिवेवर घुटमळणाऱ्या नोम नावाच्या चौथ्या लोकसमूहासाठी खेळणाऱ्यांच्या पंक्तीत पान का मांडावे, असा त्याचा मथितार्थ. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे. चुकीचा असूनही तो टिकून आहे, कारण त्याच्या मुळाशी पात्ररचनेविषयीचा एक उपयुक्ततावादी सिद्धान्त आहे आणि तो आपल्या समीक्षेच्याही अंगवळणी पडलेला आहे.

भूमिकाखेळ म्हणजे काय, हे मराठी वाचकासाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराचे व्याकरण पुष्कळसे त्याच्यापासून सिद्ध झाले. टेबलाभोवती चारसहा माणसे बसतात. त्यांतला एकजण सूत्रधार असतो. तो जग वर्णन करतो. इतर प्रत्येकजण एकेक पात्र धारण करतो आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतो. पात्राचा वंश कोणता आणि पेशा कोणता, हे आरंभीच ठरवायचे असते. पुढचे फासे आणि कल्पकता यांवर सोपवलेले असते. नियमपुस्तक म्हणजे या खेळाची संहिता. पण ही संहिता नाट्यसंहितेच्याही एक पाऊल अलीकडची आहे : तिच्यात संवाद नाहीत, फक्त कोण बोलू शकेल याची यादी आहे. साहित्याच्या अभ्यासकाने या यादीकडे दुर्लक्ष करावे असे मला वाटत नाही. एखाद्या कल्पित जगात बोलण्याचा अधिकार कुणाला, ही गोष्ट येथे जितक्या उघडपणे कागदावर मांडलेली असते, तितकी ती कादंबरीत क्वचितच आढळते.

या व्यवहाराचे वर्णन व्याकरणाच्या परिभाषेत फार नेमके करता येते. खेळणारा ‘मी’ म्हणतो, सूत्रधार त्याला ‘तू’ म्हणतो, आणि उरलेले सारे विश्व ‘तो’, ‘ती’, ‘ते’ असते. ज्या वंशाचे वर्णन खेळाडूंच्या पुस्तकात येते, तो वंश प्रथमपुरुषी होऊ शकतो. ज्याचे वर्णन केवळ ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये, म्हणजे स्पष्टच बोलायचे तर वधार्ह जीवांच्या सूचीत येते, तो तृतीयपुरुषी राहतो. सूत्रधार त्याला हवे तेव्हा उभा करतो आणि खेळणारे त्याला आडवा करतात. तेव्हा ‘नोम कशाला?’ या प्रश्नाचा अर्थ नोम असावेत की नसावेत एवढाच नाही. नोमला ‘मी’ म्हणता यावे की नाही, हा त्याचा खरा अर्थ आहे.

आता इतिहास पाहू. १९७४ च्या मूळ खेळात मानव, ड्वार्फ, एल्फ आणि हॉबिट एवढ्यांनाच खेळाडूंचा दर्जा होता. नोमची नोंद दुसऱ्या पुस्तिकेत, जीवसूचीत होती. ड्वार्फ आणि एल्फ याही सूचीत होते. पण ते दोन्हीकडे होते, नोम एकाच बाजूला. १९७८ च्या ‘ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये त्यांना प्रथमपुरुष लाभला आणि भ्रमविद्येचा पेशा मानवेतरांपैकी त्यांच्या वाट्याला आला. तीस वर्षे ही व्यवस्था टिकली. १९८९ च्या आणि २००० च्या आवृत्त्यांतही नोम आपल्या जागी होते. २००८ मध्ये चौथी आवृत्ती निघाली. तिच्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये ड्रॅगनबॉर्न आले, टीफलिंग आले, एल्फांची उच्चकुलीन शाखा म्हणून एलाड्रिन आले, आणि नोम गेले. ते कुठे गेले? ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये. त्या ग्रंथाच्या परिशिष्टात, कुणाला नोम व्हायचेच असेल तर म्हणून, चार ओळींचे नियम दिलेले होते. परिशिष्टातले नागरिकत्व ते हे.

या निर्णयावर प्रकाशकांनी, विझार्ड्स ऑफ द कोस्ट यांनी, एक छोटा विनोदी ॲनिमेशनपट काढला होता. नव्याने प्रवेश मिळालेला टीफलिंग आणि बाहेर काढलेला नोम अशा दोघांना त्यात बोलते केले आहे. नोम स्वतःच आपण आता मॉन्स्टर झालो असे जाहीर करतो आणि एक केविलवाणी डरकाळी फोडून दाखवतो. लोक हसले, हसण्याजोगे ते होतेच. पण त्या विनोदाची रचना पाहण्यासारखी आहे. ज्याचा ‘मी’ काढून घेतला, त्याच्याच तोंडी एक अखेरचा ‘मी’ घातला आहे, आणि तो कशासाठी, तर आपण आता ‘तो’ झालो हे मान्य करण्यासाठी. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, ‘प्लेअर्स हँडबुक’च्या दुसऱ्या भागात नोम परत आले. म्हणजे प्रश्न मिटला असे काहींना वाटते. तो मिटलेला नाही. ज्या तर्काने त्यांना बाहेर काढले, त्याच तर्काने त्यांना पुष्कळदा परतही घेतले जाते, आणि ही गोष्ट हकालपट्टीहून अधिक घातक आहे.

त्या तर्काला मी कोनाड्याचा सिद्धान्त म्हणतो. भिंतीत जितके कोनाडे, तितक्याच मूर्ती. एका कोनाड्यात दोन मूर्ती नकोत आणि कोनाड्यावाचून मूर्ती तर नकोच. प्रत्येक वंशाला एक आणि एकच ओळख हवी, ती एका वाक्यात सांगता यावी आणि दुसऱ्या वंशाच्या ओळखीला तिने धक्का लावू नये. नोमचा अपराध असा, की त्याच्याजवळ खाणीही आहेत, अरण्यही आहे, मंत्रविद्याही आहे, थट्टाही आहे, आणि यांतले काहीच त्याच्या एकट्याच्या मालकीचे नाही.

या सिद्धान्ताला शास्त्रीय आधार द्यायचा झाला तर प्रॉपचे नाव घेतले जाण्याचा संभव आहे. तो आधार मिळणार नाही. प्रॉपने १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांच्या रूपबंधाची जी मीमांसा केली, तिचा गाभा असा, की कार्ये स्थिर असतात आणि ती पार पाडणारे बदलतात. एकाच पात्राकडे अनेक कार्यक्षेत्रे येऊ शकतात, एकच कार्यक्षेत्र अनेक पात्रांत विभागले जाऊ शकते. कोनाडेवाल्यांनी हे नेमके उलटे केले आहे : कर्ता स्थिर, आणि त्याच्या कपाळी एक कार्य कायमचे गोंदलेले. फॉर्स्टरने १९२७ मध्ये सपाट पात्राची ओळख अशी सांगितली होती, की ते एका वाक्यात मावते. त्याने हे लक्षण म्हणून सांगितले. सपाट पात्राचा त्याने तिरस्कार केला नाही हे खरे, पण एका वाक्यात न मावणाऱ्या पात्राला कादंबरीतून हाकलून द्यावे, असे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. येथे लक्षणाचा निकष झाला आणि निकषाचा दंड.

आणि हा दंड सर्वांना सारखा लागू नाही. मानव कशाला हवेत, असे कुणी विचारत नाही. नियमपुस्तकांत मानवाचे वैशिष्ट्य काय सांगितलेले असते? तो बहुगुणी आहे, कोणत्याही पेशात शिरतो, त्याला ठरावीक साचा नाही. २००० च्या आवृत्तीत या गुणासाठी त्याला जादा कौशल्ये मिळतात, २०१४ च्या आवृत्तीत त्याच्या सगळ्याच क्षमता वाढवून दिल्या जातात. म्हणजे एका वाक्यात न मावणे हा मानवाचा सद्गुण आणि नोमचा दोष! जगात स्वतःला मध्यभागी ठेवणारा जो असतो तो नेहमी ‘सर्वसामान्य’ असतो. ‘वैशिष्ट्यपूर्ण’ असण्याचे ओझे इतरांवर असते. गावगाड्यात बलुतेदाराची ओळख त्याचा गावाला उपयोग काय यावरून ठरत होती. पाटलाला कुणी असे विचारत नव्हते. ही तुलना फार ताणू नये, कारण कल्पित नोमला पोट नाही आणि त्यावर पायही पडत नाही. पण जन्मावरून काम आणि कामावरून ओळख ठरवणारी कल्पनाशक्ती करमणुकीच्या ग्रंथात भेटली म्हणून ती मराठी वाचकाला ओळखू येऊ नये, असे थोडेच आहे?

या सिद्धान्ताच्या खाली आणखी एक गोष्ट लपलेली आहे आणि ती अधिक वाङ्मयीन स्वरूपाची आहे. ड्वार्फ, एल्फ, हाफलिंग यांचे कोनाडे कुणी खोदले? टॉल्किनने. हाफलिंग हे तर मूळचे हॉबिटच. टॉल्किनच्या हक्कदारांनी हरकत घेतल्यावर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात या खेळात त्यांचे नाव बदलावे लागले. उसन्या आणलेल्या आणि कायद्याच्या धाकाने नाव बदललेल्या या वंशाला कुणी ‘तू कशाला?’ असे विचारत नाही. सर्वांत स्वतंत्र घडण ज्याची, त्या नोमला मात्र जाब द्यावा लागतो. तेव्हा ‘नोम अनावश्यक आहेत’ या विधानाचा खरा अनुवाद ‘नोम टॉल्किनमध्ये नाहीत’ असा होतो. अनन्यतेचा निकष म्हणून जे पुढे केले जाते, ती अभिजात ग्रंथाची मोहोर असते.

यातला उपरोध असा, की नोम हा शब्द टॉल्किनच्या दारापर्यंत गेलेला होता. आपल्या आरंभीच्या लेखनात त्याने एल्फांच्या दुसऱ्या कुळाला, पुढे ज्यांना नोल्डोर म्हटले गेले त्या विद्यावंतांच्या कुळाला, नोम हेच नाव दिले होते. ग्रीक भाषेत ज्ञान आणि मत या अर्थांनी जो शब्द आहे, त्याचा ध्वनी त्याला त्यात हवा होता. १९३७ च्या ‘द हॉबिट’च्या पहिल्या आवृत्तीतही त्या अर्थाने नोमचा उल्लेख आहे. वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतेच चित्र उभे राहील, हे जाणवल्यावर त्याने तो शब्द सोडला, आणि १९६६ च्या आवृत्तीत ते वाक्य बदलले. ज्ञानवंत की भूमिगत बुटका, या दोन अर्थांच्या ओढाताणीत एका भाषाशास्त्रज्ञाने माघार घेतली. ओढाताण मात्र शब्दात तशीच राहिली, आणि नोमला जे काही वाङ्मयीन मोल आहे ते या ओढाताणीतच आहे.

भलते चित्र म्हणजे कोणते? पॅरासेल्ससचे. सोळाव्या शतकातल्या या वैद्य-रसायनज्ञाच्या मृत्यूनंतर, १५६६ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या एका प्रबंधात चार महाभूतांचे चार निवासी सांगितले आहेत : पाण्यात अप्सरासदृश जलकन्या, हवेत सिल्फ, अग्नीत सॅलमँडर आणि पृथ्वीत बुटके भूमिवासी, अर्थात नोम. आपण जसे हवेतून चालतो तसे ते मातीतून चालतात. ते खातात, बोलतात, वस्त्रे नेसतात, मरतात. माणसापासून त्यांचे वेगळेपण एवढेच, की त्यांना आत्मा नाही. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. माणसासारखे सर्व काही आहे, फक्त ‘मी’ म्हणण्याचा अंतिम अधिकार नाही : २००८ ची हकालपट्टी साडेचारशे वर्षे आधीच लिहून ठेवलेली होती. पुढे पोपने १७१४ मध्ये ‘द रेप ऑफ द लॉक’ या विडंबनकाव्याची वाढवलेली आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यात सिल्फांबरोबर नोमही आणले. त्यांतला अम्ब्रिएल हा विषादाच्या गुहेत उतरून तिथून खिन्नता आणि त्रागा घेऊन येतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या थ्युरिंगिया भागात भाजलेल्या मातीचे बागेतले बाहुले घडू लागले, इंग्लंडमध्ये चार्ल्स आयशमने ते लॅमपोर्ट हॉलच्या बागेत मांडले, आणि लाल टोपी नोमच्या डोक्यावर कायमची बसली. ‘प्लेअर्स हँडबुक’च्या आदल्याच वर्षी, १९७७ मध्ये, हॉयखेन आणि पोर्टव्हलीट या डच लेखक-चित्रकारांचे नोमविषयीचे सचित्र पुस्तक इंग्रजीत येऊन अमेरिकेत तुफान खपले होते. भूतत्त्व, अनात्मता, विषाद, बागेतली शोभा, आणि एका भाषापंडिताने टाकून दिलेले ज्ञान : इतक्या थरांचा शब्द ‘कोनाडा नाही’ म्हणून निकामी ठरवायचा, याला वाङ्मयीन विवेक म्हणत नाहीत.

आता नोमच्या वकिलांकडे वळू. कारण माझे भांडण विरोधकांशी आहे त्याहून अधिक या वकिलांशी आहे. त्यांनी कोनाड्याचा सिद्धान्त नाकारला नाही. त्यांनी नोमसाठी एक कोनाडा खोदून दिला. तो म्हणजे विक्षिप्त यंत्रकाराचा. याचे जनकत्व १९८४ पासून निघालेल्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेकडे, मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या कल्पविश्वाकडे जाते. तेथले नोम एका पर्वताच्या पोटात राहतात, अखंड यंत्रे बनवतात, संपता संपत नाहीत अशी नावे धारण करतात, आणि त्यांची यंत्रे नेहमी बिघडतात. विनोद एवढाच, आणि तो पुन्हा पुन्हा. मिळाला नोमला कोनाडा! पण किंमत काय मोजली? ज्याच्या नावात ज्ञानाचा ध्वनी ऐकू येऊ शकत होता, त्याचे ज्ञान हाच हशाचा विषय केला.

मात्र लेखकांच्या हातूनही कधी कधी साचा आपले गुपित सांगून जातो. याच विश्वातल्या ‘लेजंड्स’ या कादंबरीत्रयीत (१९८६) निम्श नावाचा एक नोम येतो. त्याची यंत्रे चालतात. आणि चालतात म्हणूनच तो आपल्या लोकांत नापास ठरलेला आहे, त्याची त्याला लाज वाटते. त्याने दुरुस्त केलेल्या कालयंत्रामुळे कथा पुढे सरकते, आणि मग तो मारला जातो. ज्या लोकसमूहाचा ‘स्वभाव’ अपयश असा ठरवला, त्यातला यशस्वी मनुष्य ही विकृती, आणि विकृतीला कथेत जगण्याची सोय नाही. कोनाड्याचा सिद्धान्त शेवटी कुठे नेतो, याचे याहून प्रामाणिक चित्र त्याच्या शत्रूलाही काढता आले नसते. त्या त्रयीतला मला आठवणारा नोम हा एकटाच, आणि तो आठवतो तो साच्याबाहेर पडल्यामुळे.

संगणकीय खेळांत हा कोनाडा आणखी घट्ट झाला. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये नोम आरंभापासून खेळता येत होते. त्यांची कथा काय आहे? त्यांचे शहर, नोमरेगन, परचक्रात सापडले; शत्रूला रोखण्यासाठी सोडलेल्या किरणोत्सर्गाने त्यांचेच लोक मोठ्या संख्येने मेले किंवा विद्रूप झाले; उरलेले ड्वार्फांच्या राजधानीत एका भागात आश्रयाला राहिले. २०१० च्या ‘कॅटॅक्लिझम’ या विस्तारापर्यंत नोम पात्राला जन्मायलासुद्धा स्वतःची जागा नव्हती. ते ड्वार्फांच्या खोऱ्यात डोळे उघडत असे. निर्वासितांची इतकी भेदक कथा या खेळात थोड्याच वंशांच्या वाट्याला आली असेल. आणि तिचा सूर कोणता? किलबिलाटी आवाज, गुलाबी केस, उडत्या कोट्या. आशय शोकान्त आणि आविष्कार चेष्टेचा. त्यांच्यातली दरी जर जाणीवपूर्वक वापरली असती तर ती कलात्मक ठरली असती. येथे ती कुणाच्या लक्षातच आलेली दिसत नाही, कारण नोम म्हणजे गंमत हे आधीच ठरून गेले होते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. नोम घेणारा खेळाडू बहुधा टवाळी करायला बसतो, आणि गंभीर प्रसंगाचा रसभंग करतो. असे घडते. पण हा दोष साच्याचा नाही, साच्याविषयीच्या अडाणीपणाचा आहे. आपल्याकडच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगायला नको. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त विदूषक कसा सांगितला आहे? बुटका, कुबडा, दात पुढे आलेला, टक्कल पडलेला, पिंगट डोळ्यांचा. साचा म्हणाल तर याहून घट्ट साचा नाही. पण शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त मैत्रेय काय करतो ते पाहा. नवव्या अंकात भर न्यायसभेत शकाराशी झोंबाझोंबी करताना वसंतसेनेचे दागिने त्याच्या काखेतून गळून पडतात, आणि चारुदत्ताच्या गळ्याभोवतीचा फास आवळला जातो. हे हसवणाऱ्या पात्राचेच कृत्य आहे. ते हसवणारे आहे म्हणूनच त्याच्या धांदरटपणावर आपला विश्वास बसतो, आणि म्हणूनच तो क्षण असह्य होतो. साचा तोडलेला नाही, साच्याला परिणाम दिला आहे. ड्रॅगनलान्सच्या नोमचे यंत्र फुटते तेव्हा काहीच फुटत नाही, ही त्या विनोदाची खरी दरिद्रता आहे.

नोमला परिणाम देता येत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. २००४ मध्येच, त्याच प्रकाशकांनी, कीथ बेकरचे ‘एबेरॉन’ हे कल्पविश्व प्रसिद्ध केले. त्यात झिलार्गो नावाचे नोमांचे राष्ट्र आहे. तेथे मोठे ग्रंथालय आहे, लेखनिक, दुभाषे आणि निरोप पोचवणारे यांचे एक बलाढ्य घराणे आहे, वृत्तपत्र आहे. तेथले रस्ते सुरक्षित आहेत, लोक हसतमुख आहेत, आणि हे सारे एका गुप्त पोलीस संघटनेच्या अदृश्य दहशतीवर उभे आहे. कोण काय बोलले हे तिला ठाऊक असते आणि गुन्हा घडण्याआधीच गुन्हेगार नाहीसा होतो. येथे नोमचा एकही जुना गुण टाकलेला नाही : भ्रमविद्या आहे, कुतूहल आहे, थट्टा आहे, मृदू बोलणे आहे. फक्त या गुणांना संस्थांचा, सत्तेचा आणि इतिहासाचा संदर्भ दिला, आणि तेच गुण अंगावर काटा आणू लागले. शब्दाच्या व्यवहारावर ताबा असलेले लोक किती सभ्य आणि किती भयंकर असू शकतात, हे ज्यांनी दाखवले, त्यांनाच चार वर्षांनी नोमचे काय करावे हे सुचेना! आपल्याच कपाटातले पुस्तक न वाचण्याचा हा प्रकार झाला.

खुद्द चौथ्या आवृत्तीनेही, नोमला परत घेताना, नकळत एक विलक्षण गोष्ट केली. तिने त्यांना परीलोकाच्या भूगर्भातील फोमोरियन या राक्षसी धन्यांचे एके काळचे गुलाम ठरवले आणि त्यांच्या वंशाला एक शक्ती दिली : मार बसला की नोम काही क्षण दिसेनासा होतो. मारण्याआधी नाही, मारल्यावर. नियमाच्या कोरड्या भाषेत लिहिलेली ही एक ओळ गुलामीच्या स्मृतीविषयी जितके बोलते, तितके त्या ग्रंथातली वर्णनाची अख्खी पाने बोलत नाहीत. ‘पाथफाइंडर’ या २००९ च्या प्रतिस्पर्धी खेळाने दुसरी वाट घेतली. त्याचे नोम आद्य परीलोकातून हद्दपार झालेले आहेत. नवा अनुभव मिळेनासा झाला की त्यांचा रंग उडत जातो, मन विझत जाते आणि बहुतेक त्यातच मरतात. म्हणजे ज्याला बाहेरचे लोक चंचलपणा आणि खोडसाळपणा म्हणतात, तो त्यांच्या लेखी जगण्याचा उपाय आहे. विनोदाचे कारण विनोदी नसते, एवढे समजले तरी पुरे होते. या दोन्ही ठिकाणी नोमला ‘काम’ दिलेले नाही. त्यांना भूतकाळ दिला आहे. कोनाडा आणि भूतकाळ यांत फरक असा, की कोनाड्यात एकच मूर्ती मावते. एकाच भूतकाळातून मात्र भित्रा, कडवा, विसराळू, सूडबुद्धीचा अशी परस्परविरुद्ध माणसे निपजू शकतात, आणि खेळाडूला ‘मी’ म्हणताना निवड करावी लागते.

उरतो तो संख्येचा युक्तिवाद : नोम फारसे कुणी निवडत नाही. असेल. लोकप्रियता हा प्रकाशकाचा निकष आहे, त्याच्या जमाखर्चाशी मला कर्तव्य नाही. पण समीक्षकाने तो निकष उचलून धरावा हे नवल आहे. ज्या पात्राचे वर्णन पिढ्यान्‌पिढ्या हास्यास्पद म्हणून केले, ज्याला कधी सूचीत, कधी परिशिष्टात, कधी दुसऱ्या भागात ठेवले, ते कमी निवडले जाते, या गोष्टीला पुरावा मानायचे की परिणाम? २०१४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये नोम होते, पण ड्रॅगनबॉर्न, टीफलिंग आणि दोन्ही मिश्रवंशीय यांच्यासह ‘विरळा’ या शीर्षकाखाली. ड्वार्फ, एल्फ, हाफलिंग आणि मानव हे ‘सर्वसाधारण’. कोण विरळा आणि कोण सर्वसाधारण, हे खेळ सुरू होण्याआधीच ग्रंथकर्त्याने सांगून टाकलेले असते आणि मग गणती होते.

२०२४ च्या सुधारित ग्रंथात ‘रेस’ हा शब्द गेला आणि ‘स्पीशीज’ आला; क्षमतांतली वाढ वंशाऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली गेली. हा बदल चांगलाच आहे. शब्द मात्र जीवशास्त्रातून घ्यावा असे का वाटले असेल, हे मला कळत नाही. जन्माने स्वभाव ठरतो या समजुतीपासून दूर जायचे होते, तर ती समजूत ज्या शास्त्राच्या नावाने सांगितली जाई त्याच्याच दारात का जावे? ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीने २०१९ मध्ये वापरलेला पूर्वजपरंपरा या अर्थाचा शब्द त्या मानाने कितीतरी समंजस आहे. २०२४ च्या दहा नावांच्या यादीत नोम आहेत. अर्ध-एल्फ आणि अर्ध-ऑर्क नाहीत. त्यामागची कारणे निराळी आहेत आणि त्यांची चर्चा स्वतंत्रपणे करावी लागेल. पण त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध जे युक्तिवाद आता होत आहेत ते वाचताना एक वाक्य ओळखीचे वाटते : दोन्हीकडचे थोडे थोडे आहे, तर स्वतंत्र जागा कशाला? १९७४ च्या पुस्तिकेत ड्वार्फांहून किंचित लहान आणि त्यांच्याहून लांब दाढीचे, एवढ्याच ओळखीवर सोडून दिलेल्या लोकांना हेच विचारले गेले होते.